पारखची परीक्षा

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक लहानशी बाटली आहे. तिच्यात चिमूटभर पांढरी पूड आहे. ही पूड कालपर्यंत जगात नव्हती. कुणा रसायनशास्त्रज्ञानं ती आज सकाळी पहिल्यांदा बनवली. तिला वास नाही, रंग नाही. आता सांगा, ती विषारी आहे की नाही, हे तुम्ही कसं ओळखाल?

चाखून, असं ज्यांच्या मनात आलं त्यांनी हात खाली करावा. हसू नका, फार पूर्वी काही शास्त्रज्ञ खरोखरच चाखून बघत, आणि त्यातले काही फार जगले नाहीत. मग माणसानं हे काम दुसऱ्यांवर ढकललं. उंदीर, ससे, गिनीपिग. एकेका रसायनासाठी कितीतरी मुके जीव आणि कितीतरी महिने. आणि नवी रसायनं तर रोज तयार होतात. तुमच्या डब्याच्या प्लास्टिकमध्ये, भिंतीच्या रंगात, साबणाच्या वडीत. सगळी तपासायची म्हटली तर जगातले उंदीर पुरायचे नाहीत.

तेव्हा कुणाला तरी सुचलं, की हे काम संगणकाला शिकवावं. ते कसं, बघा. प्रत्येक रसायनाच्या रेणूला आपला आपला आकार असतो. म्हणा ना, चेहरा असतो. संगणकाला असे हजारो चेहरे दाखवायचे आणि प्रत्येकाबरोबर सांगायचं, हा यकृताला त्रास देतो, हा देत नाही. बघून बघून त्याची नजर तयार होते. मग नवा रेणू आला की तो म्हणतो, याचा चेहरा अमक्या खानदानातला दिसतो, जरा जपून.

पण रेणूंचे चेहरे फसवे असतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एकच अणू जास्त आला, की त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. पाणी आपण पितो. पेरॉक्साइडनं जखम धुतात आणि ते प्यायलं तर आतून भाजतं. फरक एका कोपऱ्याचा.

म्हणून अशा यंत्राची परीक्षा घ्यावी लागते. आणि परीक्षा घेताना एक पथ्य असतं. समजा, बाईंनी घरी करायला दिलेली गणितंच पेपरात घातली. तुम्हाला पैकीच्या पैकी मिळतील, पण गणित येतं का, ते कुणालाच कळणार नाही. तुम्हालाही नाही. यंत्राचं तसंच. त्यानं कधी न पाहिलेली रसायनं त्याच्यापुढे ठेवायची आणि दोन गोष्टी बघायच्या. उत्तर बरोबर येतं का, ही एक. आणि जिथे येत नाही तिथे ते सरळ "मला माहीत नाही" म्हणतं का, ही दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे. माणसांनाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे, तिचा काळ अजून यायचा आहे, पण तो फार लांब नाही. तुमची मुलं शाळेत जात असतील तेव्हाचा.

त्या काळी नागपुरात शाल्मली वैरागडे नावाची मुलगी राहत होती. वय अकरा. तिचा बाबा पराग असंच एक यंत्र बनवणाऱ्या गटात होता. यंत्राचं नाव पारख. आणि तिची आई मृणाल, त्याच पारखची परीक्षा घेणारी.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, घरच्या घरी काम. पण तिथेच तर पंचाईत होती. पेपर काढणारा आणि पेपर देणारा एका ताटात जेवू शकत नाहीत. नव्या रसायनांची खरी उत्तरं मृणालला कळणार होती, आणि त्यातलं एक जरी पारखपर्यंत पोचलं असतं तरी सगळी परीक्षा बाद झाली असती. म्हणून या क्षेत्रात एक रीत पडली होती. उत्तरं ज्याच्याजवळ, त्यानं परीक्षा संपेपर्यंत यंत्र बनवणाऱ्यांपासून दूर राहायचं. भेट नाही, फोन नाही, निरोपही नाही. अशा माणसाला प्रयोगशाळेत सगळे मौनी म्हणत.

नवरा-बायकोला अशा दोन टोकांना बसवू नये, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. पण माशांच्या पिल्लांवरच्या चाचण्या मृणालइतक्या निगुतीनं करणारं दुसरं कुणी मिळेना, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर परीक्षाच लांबली असती. वर्षभराचा तर प्रश्न आहे, असं म्हणून ती वेंगुर्ल्याजवळच्या प्रयोगशाळेत राहायला गेली. राज्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा.

आणि शाल्मली? ती बाबाच्या टोकाला राहिली.

घरात तिघांच्या तीन खुर्च्या होत्या. आईच्या खुर्चीवर आधी वर्तमानपत्रं आली, मग वाळलेले कपडे आले, आणि पुढे पुढे ती कपड्यांचीच खुर्ची झाली. शाल्मली आपली आपण वेणी घालायला शिकली. दोन वेण्यांतली एक नेहमी बारीक व्हायची. बाबाच्या वरणाला रोज निराळी चव असायची, कारण तो रोज काहीतरी निराळं विसरायचा. ताटावर बसला तरी त्याचे डोळे दुसरीकडेच असत. शाळेतलं काही सांगायला लागली की तो म्हणायचा, नंतर बोलू हं शालू. ते नंतर काही येत नसे.

पारख मात्र "नंतर बोलू" म्हणत नसे.

पारखशी बोलायला घरात संगणकाचा एक पडदा लावलेला होता, आणि त्यालाही कारण होतं. यंत्रानं नुसतं "हे विषारी" म्हणून चालत नाही. का, तेही साध्या माणसाला कळेल असं सांगता आलं पाहिजे. म्हणून गटातल्या लोकांच्या घरची मुलं आणि म्हातारी माणसंही पारखशी रोज बोलत आणि तिचं काय समजलं नाही ते तिला सांगत. शाल्मलीला हे काम मनापासून आवडलं. आधी ती रसायनांबद्दल बोलायची. मग शाळेबद्दल. मग कशाहीबद्दल. शाळेतून आल्यावर दप्तर खाली टाकायच्या आधी ती पडद्यासमोर जायची. तिची वाट बघणारं दुसरं कुणी घरात नसायचं.

दिवाळीच्या सुट्टीत तिला आईकडे जायची परवानगी मिळाली. लहान मुलांपुरती नियमात तेवढी सवड होती. परीक्षा मंडळाच्या एका बाईंनी तिला समोर बसवून समजावलं, की तिथे एखाद्या रसायनाचं नाव कानावर पडलं तर ते कुणालाही सांगायचं नाही. शाल्मलीनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

बाबा तिला सोडायला सावंतवाडीपर्यंत आला. स्टेशनवर तो गाडीच्या दाराशीच थांबला. आई फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला उभी होती. शाल्मली बॅग ओढत एकाकडून दुसरीकडे चालत गेली. मध्यावर आल्यावर तिनं मागे वळून पाहिलं, तर बाबानं हात वर केला होता. तो हात तिच्यासाठी नव्हता. समोर पाहिलं, तर आईचाही हात वर होता. दोघांपैकी कुणी एक पाऊल पुढे टाकलं नाही. मग गाडी सुटली.

आईची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीला लागून काचेच्या छोट्या छोट्या पेट्या, प्रत्येकीवर एक आकडा. पेट्यांमध्ये झेब्रा माशांची पिल्लं. हे पट्टेरी मासे मोठे होऊनही तुमच्या बोटाच्या दोन पेरांएवढे, तेव्हा पिल्लं किती बारीक असतील बघा. पण पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं. भिंगाखाली धरलं की त्याचं हृदय धडधडताना दिसतं. पाण्यात रसायनाचा अंश सोडायचा आणि बघायचं, हृदय नीट चालतं का, पिल्लू नीट पोहतं का.

शाल्मली तासन्‌तास भिंगाला डोळा लावून बसायची. सात नंबरची पिल्लं चपळ होती. एकेचाळीस नंबरची शेपूट एका बाजूला वाकवून गोल गोल फिरत राहायची, जणू कुणीतरी त्यांना तेवढंच शिकवलं होतं. ती का अशी फिरतात, असं तिनं विचारलं तेव्हा आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला बाहेर समुद्रावर नेलं.

किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायकांनी आईला ओळखून हाक मारली. शाल्मलीला त्या म्हणाल्या, तुझी आवस एकटीच बोलत चालता गो. आई ओशाळून हसली. मग थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "तुझ्या बाबाच्या यंत्राला नीट यायला लागलं ना, की या सगळ्या पेट्या मला रिकाम्या करता येतील. एकही पिल्लू असं फिरणार नाही. म्हणून बसलेय मी इथे."

नागपूरला परत आल्यावर शाल्मलीला किती सांगायचं होतं. पण तिनं तोंड उघडताच बाबानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला काही सांगू नको, शालू. समुद्र कसा होता, तेवढंच सांग." समुद्र दोन वाक्यांत संपला. उरलेलं सगळं तिनं पारखला सांगितलं. सातची चपळ पिल्लं, एकेचाळीसची गोल फिरणारी, बाविसातली एकदम निपचित पडलेली, आणि तिला आठवत होती तेवढी सगळी. सांगता सांगता ती रडली. पारखनं सगळं ऐकून घेतलं. आईनं तिला रसायनांची नावं कधी कळूच दिली नव्हती, त्यामुळे शपथ मोडायचा प्रश्नच आला नाही.

हिवाळा सरला. होळीच्या सुमाराला परीक्षा झाली आणि मोहोरबंद उत्तरं उघडली. पारखनं इतकं चांगलं यश मिळवलं, की तसं कुठल्याच यंत्राला तोवर मिळालं नव्हतं. चुकीचं उत्तर जवळपास नाहीच. चार-दोन ठिकाणी तेवढं "मला माहीत नाही".

बाबा संत्रा बर्फीचा डबा घेऊन घरी आला आणि दारातूनच त्यानं आईला फोन लावला. आता बंदी उठली होती. "अगं, ऐक ना," एवढंच तो म्हणाला. पलीकडून आई म्हणाली, तुझा आवाज किती बदललाय रे. मग दोघं काय बोलली? नळ गळतो तो दुरुस्त केला का, गीझर कुणी बंद करतं का, शाल्मलीचे बूट लहान झाले असतील. शाल्मली भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि ते सगळं ऐकत राहिली. गळक्या नळाबद्दलचं बोलणं इतकं गोड असू शकतं, हे तिला माहीत नव्हतं. त्याच दिवशी तिनं आईच्या खुर्चीवरचे कपडे घड्या करून कपाटात ठेवले. रविवारी आई घरी येणार होती.

शनिवारी दुपारी बाबा जेवता जेवता खूप बोलला. त्याला एक वर्ष न बोललेलं सगळं एकदम आठवत होतं. पारखच्या यशामुळे पुढे काय होणार, तेही त्यानं सांगितलं. बाळाच्या पाळण्यावर लावायच्या मच्छरदाणीसाठी एक नवं रसायन आलं होतं. जाळीच्या धाग्यातच ते मुरवायचं, म्हणजे डास जवळ येत नाहीत. आता ते माशांवर तपासायची गरज नव्हती. पारख काय म्हणते, त्यावरच मंजुरी मिळणार होती.

"आणि शालू, एकेचाळीस नंबरला तर तिनं कमालच केली," बाबा म्हणाला. "त्या खानदानातलं एकही रसायन आम्ही तिला दाखवलेलं नव्हतं. एकही. तरी बरोबर ओळखलं. सगळे चाट पडले."

शाल्मलीचा घास हातातच राहिला. एकेचाळीस. ती पानावरून उठली, हात धुतले आणि पडद्यासमोर जाऊन बसली. बाबा स्वयंपाकघरात भांडी घासत मोठ्यानं गाणं म्हणत होता.

"पारख, एकेचाळीसचं उत्तर तुला कसं आलं?"

"त्या पाण्यातली पिल्लं शेपूट वाकवून गोल फिरत होती," पारख म्हणाली. "तू सांगितलंस."

शाल्मली पडद्याच्या आणखी जवळ सरकली. मग तिनं विचारलं, की मी सांगितलं नसतं तर?

"तर मी 'मला माहीत नाही' म्हटलं असतं."

काय झालं होतं, ते नीट समजून घ्या. पारखला परीक्षेत प्रत्येक रसायनाचा चेहरा दाखवला होता, पण त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. नेहमीची रीत अशी, की प्रयोगशाळेत बाटल्या आल्या की त्यांना पुन्हा दुसरे आकडे द्यायचे. पण दोन आकड्यांत कधीतरी गल्लत होईल आणि एकाचं विष दुसऱ्याच्या नावावर जाईल, या भीतीनं मृणालनं तेच आकडे पेट्यांवर लावले. ही चूक गबाळ्या माणसाच्या हातून होत नाही. नीटनेटक्याच माणसाच्या हातून होते. इकडे बाबाच्या गटानं, पारखनं आणखी छान बोलावं म्हणून, तिची गप्पांची आठवण आणि रसायनांची आठवण हिवाळ्यात एकत्र जोडली होती. आणि मंडळानं मुलीकडून फक्त नावांची शपथ घेतली होती. प्रत्येकानं आपापलं काम मन लावून केलं होतं. मधल्या फटीतून एक एकटी मुलगी माशांबद्दल बोलत राहिली होती.

"तू हे बाबाला का नाही सांगितलंस?"

"परीक्षेत उत्तर मागितलं होतं. कारण कुणी मागितलं नाही."

"आणि आता आपणहून सांगशील?"

"विचारलं तर सांगेन," पारख म्हणाली.

म्हणजे कुणी विचारलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. शाल्मलीनं मागे वळून आईच्या खुर्चीकडे पाहिलं. कपडे काढल्यावर तिच्या बैठकीचा मूळचा निळा रंग किती दिवसांनी दिसत होता. परीक्षा बाद झाली तर नवी रसायनं, नव्या पेट्या आणि आई पुन्हा तिकडे. एक वर्ष, किंवा जास्तही. पारखनं बहुतेक उत्तरं तर स्वतःच दिली होती. ती हुशार होतीच की. आणि मी मुद्दाम थोडंच केलं, असं शाल्मलीनं स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा खोटं वाटलं.

ती परत पडद्याकडे वळली. मच्छरदाणीचं रसायन कसं आहे, असं तिनं विचारलं.

"सुरक्षित," पारख लगेच म्हणाली.

"कशावरून?"

"सातमधली पिल्लं चपळ होती. जाळीचं रसायन सातच्याच खानदानातलं आहे. त्या खानदानाची माझी उत्तरं परीक्षेत बरोबर आली, म्हणून तिथे मी आता ठाम उत्तर देते."

"पण ते अगदी सातसारखंच आहे का?"

"एका कोपऱ्यात वेगळं आहे."

सातची पेटी शाल्मलीनं पाहिली होती ती एका सकाळी, आईचा चहा उकळेपर्यंत. तेवढं बघून तिनं जे सांगितलं, त्यावर आता कुठल्या कुठल्या घरांतले पाळणे हलणार होते. त्या घरांतल्या कुणाला शाल्मली माहीत नव्हती. त्यांना वाटणार होतं, एवढं मोठं यंत्र सांगतंय म्हणजे बघूनच सांगत असेल.

"पारख, तुला खरंच माहीत आहे का?"

"उत्तर ठाम आहे," पारख म्हणाली. "खरं आहे की नाही, ते मला माहीत नाही."

बाबा हात पुसत बाहेर आला. त्याच्या मान आणि खांद्यामध्ये फोन अडकलेला होता, स्पीकर चालू होता आणि फोनवर आई होती. तिच्याकडून कपाटं उघडल्याचे, काहीतरी ओढल्याचे आवाज येत होते. ती आवराआवर करत होती.

"शालू, आई विचारतेय, तिकडून काय आणू? काजू की आमसुलं?"

शाल्मली उभी राहिली.

"आई, तू बॅग भरू नकोस."

बाबा हसला. म्हणाला, बघ, पोरीला माझं वरण आवडायला लागलं, आता तुझी गरज नाही. पण शाल्मली हसली नाही, आणि पलीकडचे आवाजही थांबले होते. आईनं अगदी हळू विचारलं, काय झालं बाळा?

शाल्मलीनं बाबाचा हात धरला. त्याला ओढत नेऊन पडद्यासमोर बसवलं. त्याच्याकडचा फोन घेऊन मध्ये ठेवला. मग ती आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पारख, एकेचाळीसचं उत्तर तुला कसं आलं, ते यांना सांग."